समुद्रापलीकडचें 'कार्डाचें वर्ष'

अंधेरीहून वेसाव्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानीं कोळीवाड्यांत एक शब्द हटकून पडतो, तो म्हणजे 'नाखवा'. होडीचा धनी आणि तिला दर्यावर नेणारा प्रमुख, तो नाखवा. हा शब्द मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे नौकेचा स्वामी, असा आहे. आणि मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत या बंदरांतहि तो त्याच अर्थानें रूढ झालेला आहे. आपले शब्दहि तिकडे गेले आहेत. ओमान देशांतील रियाल या नाण्याच्या हजाराव्या हिश्शास 'बैसा' म्हणतात; तो आपला पैसाच होय. मस्कत बंदर मुंबईपासून सुमारें हजार मैलांवर आहे. आगगाडीनें कलकत्त्यास जावयाचें तर याहून अधिक अंतर कापावें लागतें. तरीहि कलकत्ता आपणांस जवळचें वाटतें आणि मस्कत परकें, याचें कारण आपण शाळेंत नकाशा जमिनीच्या बाजूनें वाचावयास शिकतों, हेंच असावें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, त्या किनाऱ्यावरील लोकांचें जिणें कसें झालें आणि त्यांच्यावरील कारभार कोणत्या रीतीनें चालला, याची हकीकत येथें सांगावयाची आहे. तिचें एक टोंक मुंबईच्या गोदींत बांधलेलें आहे.

प्रथम कारभाराविषयीं. १८१९ सालच्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या इंग्रजी आरमारानें रास-अल-खैमा हें बंदर काबीज केलें व पुढील वर्षीं किनाऱ्यावरील शेखांकडून तह करून घेतला. १८५३ सालीं समुद्रावरील कायमच्या शांततेचा दुसरा तह झाला. त्यावरून त्या प्रदेशास 'तहाचा किनारा' असें नांव पडलें. आजचीं संयुक्त अरब अमिरातें तीं हींच. १८९२ सालीं या शेखांनीं इंग्रजांवांचून इतर कोणत्याहि राज्याशीं व्यवहार न ठेवण्याचें लिहून दिलें. इराणच्या बाजूस बुशायर येथें इंग्रजांचा रेसिडेंट राही व अरबी बंदरांत त्याच्या हाताखालचे एजंट असत. हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारचा आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारचा नोकर होता. एडन बंदर तर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्याच अमलाखालीं होतें. बाजारांत रुपया आणि आणे चालत. दुबईस १९०९ सालीं उघडलेल्या टपालकचेरींत हिंदुस्थानचींच तिकिटें मिळत.

या राज्यपद्धतीचें मर्म विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानीं घ्यावें. इंग्रजांना समुद्र निर्धोक हवा होता आणि त्या वाटेवर दुसरें युरोपीय राष्ट्र नको होतें. किनाऱ्याच्या आंत न्यायनिवाडा, कर, विवाह, भांडणें हें सर्व शेखाकडे. लोकांच्या चुलीवर काय शिजतें याची चौकशी करण्याचें एजंटास प्रयोजनच नव्हतें. शंभराहून अधिक वर्षें हा कारभार असा दारांतच उभा होता.

आतां त्या चुलीकडे वळूं. खजुरीच्या झावळ्यांच्या झोंपड्या, श्रीमंतांच्या घरांवर वारा ओढून घेणारे उंच बुरूज, दुरून आणलेलें विहिरीचें पाणी, मासळी, खजूर आणि भात, असें तेथील राहणें. भात हें अन्न तेथें पिकत नाहीं. तें सर्वस्वीं परदेशचें. तरी आखातांतील अरबी बोलींत भाताला 'ऐश' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ 'जगणें' असा आहे. ज्या वस्तूचा एक दाणाहि आपल्या भूमींत होत नाहीं, तिलाच त्या लोकांनीं जगणें हें नांव द्यावें, यांत पुढील सर्व कथा आलीच.

हा तांदूळ विकत घेण्यास पैसा येई तो मोत्यांचा. उन्हाळ्याचे सुमारें चार महिने पुरुष होड्या घेऊन समुद्रांत राहत. पाणबुड्या नाकास चिमटा लावी, पायास धोंडा अडकवून तळाशीं जाई आणि शिंपा गोळा करी. वरील सोबती दोरानें त्यास ओढून घेई. दिवसभर पोटांत जवळजवळ कांहीं नाहीं. रात्रीं भात आणि मासळी. विसाव्या शतकाच्या आरंभीं या धंद्यांत सुमारें ४,५०० होड्या आणि ७४ हजार माणसें असल्याचें हिंदुस्थान सरकारच्या गॅझेटियरांत नमूद आहे. मोसमापूर्वीं नाखुदा पाणबुड्याच्या घरीं उचल म्हणून तांदूळ टाकी. नाखुद्यास तो व्यापारी देई. आणि मोतीं अखेर मुंबईच्या बाजारांत येत. पाणबुड्याचें कर्ज बहुधा फिटत नसे व बापाचें तें मुलाच्या माथीं येई. आपल्याकडील सावकारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

१९२९ नंतरची जगभरची मंदी आणि जपानचीं पैदास केलेलीं मोतीं यांनीं हा धंदा मोडला. बहरीनमध्यें १९३२ सालीं तेल लागलें, म्हणून तें बेट कसेंबसें सांवरलें. शारजाच्या शेखास त्याच वर्षीं विमानतळाचें भाडें सुरू झालें. कुवेतमध्यें १९३८ सालीं तेल सांपडलें खरें, परंतु युद्ध सुरू झाल्यावर तेथील विहिरी बुजवून ठेवण्यांत आल्या. कतारचीहि तीच गत. तेव्हां युद्ध आलें तें अगोदरच रिकाम्या झालेल्या घरांवर.

प्रत्यक्ष बाँब तेथें थोडे पडले. १९ ऑक्टोबर १९४० रोजीं इटालियन विमानांनीं बहरीनच्या तेलशुद्धीच्या कारखान्यावर हल्ला केला. नुकसान फारसें झालें नाहीं. एवढ्या लांबून विमानें येऊं शकतात या आश्चर्याचाच बोभाटा अधिक झाला. खरा घाव दुसऱ्याच दिशेनें आला. ८ मार्च १९४२ रोजीं जपान्यांनीं रंगून घेतलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्या तांदळावर मुंबईहि अवलंबून होती आणि अरबी किनाराहि. १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें भुकेनें मेलीं. आगबोटी युद्धाच्या कामीं लागलेल्या. अशा वेळीं परवान्यावांचून एक पोतेंहि आखाताकडे जाऊं नये, असा बंदोबस्त झाला.

येथेंच त्या जुन्या कारभाराचें रूप पालटलें. जो एजंट आजवर घरांत डोकावला नव्हता, त्यास आतां घरोघरचीं तोंडें मोजावीं लागलीं. अमुक बंदरास अमुक पोतीं तांदूळ, साखर, चहा, कापड, असा वांटा ठरे. तो शेखाच्या संमतीनें नेमलेल्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि लोकांस कार्डावर बांधलेल्या दरानें मिळे. तांदळाऐवजीं पुष्कळदां गहूं किंवा जव पदरांत पडे. बहरीनमध्यें १९४१ सालीं पहिली शिरगणती झाली होती व लोकसंख्या सुमारें ९० हजार भरली होती. तहाच्या किनाऱ्यावर मात्र अशी गणती १९६८ पर्यंत झालीच नाहीं. मग माणसें किती धरावयाचीं? शेख आंकडा वाढवून सांगत, एजंट तो कमी करून धरी. शिवाय वाळवंटांतून उंटांसह हिंडणाऱ्या बदूंस कोणत्या बंदराचें म्हणावयाचें? कार्डास घर लागतें आणि त्यांस घर नव्हतें. आंतील प्रदेशांत कित्येकांनीं टोळ आणि झाडपाला खाऊन दिवस काढले.

सामान्य लोक वर्षांचीं नांवें अशा गोष्टींवरूनच ठेवतात. आपल्याकडे १८९६ नंतर प्लेगचें साल म्हणत, तसें बहरीनकडे या दिवसांस 'सनत-अल-बिताका', म्हणजे कार्डाचें वर्ष, असें नांव पडलें.

आणखी एक गोष्ट सांगितली नाहीं तर ही हकीकत अर्धवट राहील. आखाताच्या पलीकडच्या इराणांत त्या वेळीं भाव फारच चढले होते. कार्डावर स्वस्त मिळालेली साखर, चहा व कापड रात्रीं गलबतांत भरून तिकडे नेलें कीं मोठा नफा होई. सरकारी वांट्यांतला माल असा पळूं लागला. व्यापारी गबर झाले हें खरें. परंतु पुष्कळ गरिबांनींहि आपल्या वांट्याची साखर विकली. त्यांस मी चोर म्हणणार नाहीं. ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्यास चहांत घालावयाच्या साखरेचा काय उपयोग? ज्यांनीं पोतींच्या पोतीं फिरविलीं त्यांची गोष्ट वेगळी. आगबोटींच्या टंचाईमुळें शिडाच्या गलबतांस मात्र सुगीचे दिवस आले. कुवेतचे नाखुदे हिंदुस्थानच्या बंदरांशीं व्यापार करून या चार-पांच वर्षांत चांगले सधन झाले.

इकडे मुंबईंत २ मे १९४३ पासून धान्याचें रेशनिंग सुरू झालें होतें. दुकानापुढील रांग, पिशवींतील मोजके दाणे, भाताच्या जागीं न रुचणारें दुसरें धान्य, हें सर्व येथेंहि होतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यांत शेंकडों माणसें दगावलीं आणि गोदीभोंवतालच्या वखारींतील धान्यहि जळालें. त्या धान्याची झळ कोणकोणत्या कांठांस लागली असेल, याची कल्पना आतां वाचकांस करतां येईल.

युद्धानंतर १९४६ सालीं रेसिडेंटाची कचेरी बुशायरहून बहरीनला हलली आणि १९४७ सालीं तिचा दिल्लीशीं असलेला संबंध तुटला. रुपया मात्र तेथें राहिला. तिकडून येणाऱ्या चोरट्या सोन्याच्या मोबदल्यांत येथील परकीय चलन झिरपूं लागलें, तेव्हां रिझर्व्ह बँकेनें १९५९ सालीं आखातासाठीं निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतनें १९६१ सालीं व बहरीननें १९६५ सालीं आपलें नाणें काढलें. जून १९६६ मध्यें रुपयाचें अवमूल्यन झालें आणि तहाच्या किनाऱ्यानेंहि तो सोडला. ओमाननें १९७० पर्यंत चालविला.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड व बोरिवली येथील कित्येक घरांत जुन्या पेट्यांच्या तळाशीं त्या वेळचें रेशनकार्ड अजून पडलेलें असेल. विद्यार्थ्यांनीं तें आजी-आजोबांस विचारून शोधावें, त्यावरील माणसांचीं नांवें व खुणा पाहाव्या, आणि मिळाल्यास तें शाळेंत दाखवावयास आणावें. वर्गांत आपण त्याच्या शेजारीं अरबी किनाऱ्याचा नकाशा टांगूं.