मनी प्लांट

अनेक घरांच्या खिडकीत, काचेच्या बाटलीत वाढणारी एक हिरवी वेल तुम्ही पाहिली असेल. तिच्या हृदयाकृती पानांवर पिवळसर छटा असतात. हिला आपण ‘मनी प्लांट’ म्हणतो. पॅसिफिक महासागरात ताहितीजवळ मोऑरेआ नावाचे एक लहानसे बेट आहे. ते हिचे माहेर. अरण्यात ही वेल वृक्षांच्या खोडांना मुळांनी घट्ट धरून वर चढते आणि तिची पाने हातभर लांब होतात. कुंडीत मात्र ती तळहाताएवढीच राहतात.

तिचे माहेर ज्याने जाणले, त्याला तिची निगा राखणे अवघड नाही. अरण्यात तिला वृक्षांच्या पानांतून झिरपलेला प्रकाश मिळतो. म्हणून तिला खिडकीजवळ, परंतु कडक उन्हापासून दूर ठेवावे. उन्हात पाने करपतात. अंधारात त्यांवरील पिवळ्या छटा लोपतात.

कुंडीतील कितीतरी रोपे पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यानेच मरतात! मातीच्या कणांमध्ये हवा असते. तिच्यावर मुळांचे श्वसन चालते. सतत पाणी घातल्यास हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरून कुजतात व पाने पिवळी पडतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो! म्हणून आधी मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांइतकी माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे.

मग बाटलीत ही वेल कशी जगते? पाण्यात फुटलेली मुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. तो कमी पडू नये, म्हणून ते पाणी दर आठवड्याला बदलावे.

अळू हे हिच्याच कुळातले. अळूचे कच्चे पान चावल्यास घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. मनी प्लांटमध्येही ते असतात. म्हणून लहान भावंडे आणि पाळीव प्राणी यांच्या तोंडी तिची पाने लागू देऊ नयेत.

चोरून आणलेली फांदी लावली, तरच घरात धन येते, असा एक समज आहे. परंतु पेराखाली कापलेला वीतभर तुकडाही पाण्यात ठेवला, की मुळे धरतो आणि कापलेली वेल पुन्हा फुटते. देऊनही जी उणी होत नाही, ती वस्तू चोरावी कशाला? फांदी मागून आणावी. आणि आपली वेल वाढली, की तिची एक फांदी दुसऱ्यास द्यावी.

स्वाध्याय
१. जास्त पाण्याने रोप का मरते?
२. मनी प्लांट व अळू यांत कोणते साम्य आहे?
३. ‘देऊनही उणी होत नाही’ अशा आणखी दोन गोष्टी सांगा.