एडविनचे काय झाले?

इंग्लंडमधील विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याची ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ ही कादंबरी एप्रिल १८७० पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या काळी मोठ्या कादंबऱ्या दरमहा एकेका भागाने निघत असत. एक भाग वाचून झाला, की पुढील भागाकरिता महिनाभर वाट पाहावी लागे. ही कादंबरी बारा भागांत पुरी व्हावयाची होती. तीत एका तरुणाच्या नाहीसे होण्याचे गूढ होते. त्याचा उलगडा शेवटी होणारच, या भरवशावर वाचक कथेत गुंतत चालले होते.

८ जून १८७० रोजी डिकन्स आपल्या घरच्या बागेतील लेखनगृहात लिहीत बसला होता. सायंकाळी भोजनाच्या वेळी तो एकाएकी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. त्या वेळी तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. तोवर तीन भाग प्रसिद्ध झाले होते आणि आणखी तीन भागांपुरता मजकूर लिहून झाला होता. सप्टेंबरात सहावा भाग निघाला आणि कथा अर्ध्यावरच थांबली. उरलेले सहा भाग लेखकाबरोबरच गेले.

कथा अशी आहे. क्लॉइस्टरहॅम नावाच्या जुन्या गावात ख्रिस्ती लोकांचे एक भव्य प्रार्थनामंदिर आहे. तेथील गायकवृंदाचा प्रमुख जॉन जॅस्पर हा लोकांच्या दृष्टीने सभ्य गृहस्थ. परंतु लंडनला जाऊन गुपचूप अफू ओढण्याचे व्यसन त्याला जडलेले आहे. एडविन हा त्याचा भाचा. एडविन व रोझा यांचा विवाह त्यांच्या वडिलांनी पूर्वीच ठरवून ठेवला आहे. जॅस्परचे मनही रोझावर जडले आहे. एडविनला मात्र याची कल्पना नाही. याच सुमारास सिलोनहून नेव्हिल व हेलेना ही जुळी भावंडे गावात येतात. नेव्हिल मनाने सरळ, पण स्वभावाने तापट. लवकरच त्याची व एडविनची बाचाबाची होते. दोघांचा समेट व्हावा म्हणून नाताळच्या आदल्या रात्री जॅस्परच्या घरी भोजनाचा बेत ठरतो. त्या रात्री भयंकर वादळ होते. भोजनानंतर दोघे तरुण वादळ पाहण्यासाठी नदीवर जातात. सकाळी पाहावे तो एडविनचा पत्ता नाही! पुढे त्याचे घड्याळ व सदऱ्याची पिन नदीच्या बांधापाशी सापडते. प्रेत मात्र सापडत नाही.

गावाचा संशय तत्काळ नेव्हिलवर जातो. तो परका आहे, वर्णाने सावळा आहे, आणि त्याचे एडविनशी भांडण झाले होते. गावाला एवढे पुरेसे वाटते. पुराव्याअभावी त्याला सोडून द्यावे लागते; परंतु लोकांच्या नजरा त्याला सोडीत नाहीत. अखेर तो गाव सोडून लंडनला जाऊन राहतो.

काही महिन्यांनी डॅचरी नावाचा एक गृहस्थ गावात येतो. त्याचे केस दाट व पांढरे शुभ्र, भुवया मात्र काळ्या. तो जॅस्परवर पाळत ठेवतो आणि मिळालेल्या माहितीचा हिशेब कपाटाच्या दारावर खडूच्या रेघांनी मांडतो. एके दिवशी सकाळी त्याला काही महत्त्वाचे कळते. तो दारावर एक लांब, जाड रेघ ओढतो आणि न्याहारीस बसतो. येथेच कथा तुटते.

एडविन जिवंत आहे की मृत? त्याला मारले असल्यास कोणी? आणि डॅचरी हा खरोखर कोण? हे तीन प्रश्न वाचकांच्या मनात राहून गेले. काहींनी कथेचा शेवट स्वतःच लिहून टाकला. अमेरिकेतील एका मुद्रकाने तर १८७३ मध्ये कादंबरीचा उत्तरार्ध छापला आणि तो डिकन्सच्या आत्म्याने आपल्याकडून लिहवून घेतला, असे सांगितले! असल्या बिनबुडाच्या शेवटांनी जिज्ञासू वाचकांचे समाधान झाले नाही. ते मूळ पुस्तकाकडे वळले आणि प्रत्येक ओळ पारखू लागले.

रिचर्ड प्रॉक्टर या खगोलशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये असे प्रतिपादन केले, की एडविन वाचला असून डॅचरीच्या वेषात तोच परत आला आहे. डॅचरीचे पांढरे केस खोटे असावेत, हे बहुतेकांना पटले. परंतु त्या केसांखाली एडविनच आहे, हे पटले नाही. १९०५ मध्ये कमिंग वॉल्टर्स या अभ्यासकाने हेलेनाकडे बोट दाखविले. लहानपणी घरातून पळून जाताना ती मुलाचा वेष करीत असे, असे नेव्हिल एके ठिकाणी सहज सांगून जातो. लेखकाने हे वाक्य उगाच घातले असेल काय, असा वॉल्टर्सचा प्रश्न होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाती कंदील घेतलेला एक पुरुष अंधारात उभ्या असलेल्या आकृतीकडे पाहत आहे. ती आकृती म्हणजे जिवंत एडविन, असे काहींनी म्हटले. तो वेष पालटलेला दुसराच कोणी आहे, असे इतरांनी म्हटले. चित्र एकच, परंतु प्रत्येकास त्यात आपलेच मत दिसले.

पुस्तकाबाहेरचाही पुरावा होता. डिकन्सचा स्नेही व चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने लिहून ठेवले आहे, की मामाने भाच्याचा खून करावा, आणि चुनकळीत न जळलेल्या सोन्याच्या अंगठीवरून खुनाचा उलगडा व्हावा, अशी कथेची योजना डिकन्सने आपणास सांगितली होती. कादंबरीतील चित्रे काढणारा ल्यूक फाइल्ड्स यानेही सांगितले, की जॅस्परच्या गळ्यातील लांब गळपट्टा चित्रात दिसलाच पाहिजे, असा डिकन्सचा आग्रह होता. कारण त्यानेच एडविनचा गळा आवळला जावयाचा होता. ही साक्ष वजनदार आहे. तरीही डॅचरी कोण, याचे उत्तर तिच्यात नाही.

७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये डिकन्सच्या चाहत्यांनी जॅस्परवर लुटुपुटीचा खटला चालविला. न्यायाधीशाच्या आसनावर जी. के. चेस्टरटन हा साहित्यिक होता, तर पंचांचा प्रमुख होता नाटककार बर्नार्ड शॉ. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. शेवटी शॉने उठून निकाल सांगितला, की खून झाल्याचा पुरावा नाही. परंतु अशा माणसास मोकळे सोडल्यास कोणासही रात्री निर्धास्त झोप लागणार नाही. म्हणून पंचांनी मधला मार्ग काढून त्याला सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरविले आहे! सभागृहात हशा पिकला. चेस्टरटनने न्यायासनाचा अवमान केल्याबद्दल स्वतःखेरीज सर्वांना शिक्षा सुनावली आणि खटला संपविला.

हा विनोद होता. परंतु त्यात एक बोचरे सत्य होते. क्लॉइस्टरहॅमच्या रहिवाशांनी पुराव्यावाचून नेव्हिलला गुन्हेगार मानले, तेव्हा वाचकांना त्यांचा राग आला होता. आता तेच वाचक संशयावरून जॅस्परला फासावर चढवावयास निघाले होते. कथा पुरी झाली असती, तर लेखकाने निकाल दिला असता आणि वाचक निश्चिंत झाले असते. कथा अपुरी राहिली, म्हणून निकाल देण्याचे अवघड काम वाचकांवर येऊन पडले. आणि आपणही त्या गावचेच रहिवासी आहोत, हे काहींच्या ध्यानात आले.

१९८५ मध्ये अमेरिकेत या कथेवर एक संगीत नाटक रंगभूमीवर आले. त्यात खुनी कोण, हे प्रेक्षकच मतदानाने ठरवीत. म्हणून एका प्रयोगात जो निरपराध, तोच दुसऱ्या प्रयोगात खुनी ठरे. खेळ म्हणून हे मोठे गमतीचे आहे; परंतु हात वर करणाऱ्यांच्या संख्येवरून सत्य ठरत नाही, हेही त्यावरून स्पष्ट होते.

शितावरून भाताची परीक्षा करता येते. कारण एका भांड्यातील सारा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसाची परीक्षा अशी एका भांडणावरून किंवा वर्णावरून करता येत नाही. तर्क करण्यास हरकत नाही, किंबहुना तर्कावाचून शोधच लागत नाही; मात्र येथपर्यंत पुरावा आहे आणि येथून पुढे केवळ माझा तर्क आहे, ही सीमारेषा ज्याला प्रामाणिकपणे ओढता येते, तोच खरा चिकित्सक वाचक. डॅचरीने कपाटाच्या दारावर शेवटची रेघ ओढली, तेव्हा त्याला काय कळले होते, हे कोणासही ठाऊक नाही. पुढची रेघ प्रत्येक वाचकाने आपापल्या हाताने, आणि विचार करून ओढावयाची आहे.

स्वाध्याय

१. गावाचा संशय नेव्हिलवर का गेला? त्यांपैकी कोणत्या कारणास पुरावा म्हणता येईल?
२. डॅचरी म्हणजे हेलेना, हे मत कोणत्या आधारावर मांडले गेले? तो आधार पुरेसा आहे काय?
३. शॉने सांगितलेल्या निकालात विनोद कोणता व सत्य कोणते, ते स्पष्ट करा.
४. ‘हात वर करणाऱ्यांच्या संख्येवरून सत्य ठरत नाही’, या विधानाचा अर्थ स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन आठ-दहा ओळींत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : शितावरून भाताची परीक्षा करणे, पाळत ठेवणे, हशा पिकणे.