नळ उघडा राहिला

मुंबईत पुष्कळ इमारतींत पाणी ठरावीक वेळीच येते. समजा, रात्री नळ कोरडा होता आणि तो बंद करायचा राहिला. मोरीच्या जाळीवर कपडा पडलेला. पहाटे पाणी आले, तेव्हा घरातले सगळे झोपेत! पाणी खोलीभर पसरले आणि खालच्या मजल्यावर काकूंच्या छतातून टपटप गळू लागले. त्यांची गादी भिजली. भिंतीचा रंगही गेला.

आता भरपाई कोणी करायची? वरचे कुटुंब भाड्याने राहते. "घर मालकाचे आहे, त्यांना सांगा," असे म्हणून चालेल का? नाही. नळ चांगला होता. उघडा ठेवला तो भाडेकरूने. मुद्दाम नव्हे, पण निष्काळजीपणा झालाच.

म्हणून गळतीचे कारण आधी शोधतात. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटी दुरुस्त करते. संडास, सिंक यांची गळती ज्याच्या घरातून होते, खर्च त्याचा.

तुम्ही ज्याला बीमा म्हणता, तो विमा इथे उपयोगी पडतो का? एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी देतात. भाडेकरूही आपल्या सामानापुरती ती घेऊ शकतो. टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून सामान खराब झाले, तर भरपाई मिळू शकते. मात्र ती आपल्या सामानाची. काकूंची गादी त्यात येत नाही!

शब्दार्थ : भाडेकरू – भाड्याने राहणारा, सामाईक – सर्वांचा मिळून, उपविधी – संस्थेचे नियम.

प्रश्न : गळतीचे कारण आधी का शोधावे लागते?