गोदामातील सुरक्षितता : यंत्र, माणूस आणि वाट

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडे बाजारासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. दौंड-मनमाड लोहमार्गालगतच्या या तालुक्यात घोड व कुकडी प्रकल्पांच्या पाण्यामुळे उसाचे क्षेत्र वाढले आणि साखर कारखानदारी रुजली. जेथे माल पिकतो, तेथे तो साठवावाही लागतो. साखर, धान्य, खत, सिमेंट आणि पशुखाद्य यांची पोती कारखान्यांच्या, सहकारी संस्थांच्या व व्यापाऱ्यांच्या गोदामांत उतरतात आणि तेथूनच पुन्हा चढतात. पूर्वी हे सारे काम हमालाच्या पाठीवर चाले. आता मोठ्या गोदामांत सरकते पट्टे आणि फोर्कलिफ्ट दिसू लागल्या आहेत. पाठीवरचा भार त्यामुळे हलका झाला. धोक्याने मात्र केवळ रूप पालटले.

सोलापूर व सांगली जिल्ह्यांच्या सीमेलगत असलेल्या विजयपूर येथे 4 डिसेंबर 2023 रोजी मक्याची साठवण कोसळून तिच्याखाली सात कामगार मृत्युमुखी पडले. पोटासाठी ते बिहारमधून तेथे आले होते. अशी घटना घडली, की ती नशिबावर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु गोदामातील अपघातांची कारणे शोधू गेल्यास पुष्कळदा मांडणीतील दोषच आढळतात. हे दोष अपघातापूर्वी डोळ्यांना दिसतात, आणि म्हणूनच ते दूर करता येतात.

पोत्याचा भार

पूर्वी साखरेचे पोते 100 किलोचे असे. ते पाठीवर घेऊन फळीवरून चढणाऱ्या हमालाचे गुडघे व मणके ऐन उमेदीतच झिजत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराने उचलावयाचा भार 55 किलोहून अधिक असेल, तर तो त्या मर्यादेपर्यंत खाली आणावा. आज साखरेचे पोते 50 किलोचे आणि युरियाची गोणी 45 किलोची असते. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम करून असंघटित कष्टकऱ्यांना मंडळांमार्फत नोंदणी, मजुरी व कल्याण योजनांचा आधार दिला. तरीही दोन पोती एकदम उचलण्याची पैज किंवा गाडी लवकर भरण्याची घाई हा लाभ घालवून बसते.

फोर्कलिफ्टचा तोल

फोर्कलिफ्टचे तत्त्व तराजूचे आहे. पुढची चाके हा टेकू, पुढील दोन लोखंडी भुजांवरचा माल हे एक पारडे आणि यंत्राचा मागील जड भाग हे दुसरे. माल जितका पुढे सरकेल, तितका तो तोलावर अधिक जड पडतो. समजा, एका यंत्राची क्षमता मालाचा मध्य भुजांच्या मुळापासून 50 सेंटिमीटरवर असताना 2,000 किलो आहे आणि पुढच्या चाकांचा आस त्या मुळापासून 40 सेंटिमीटर मागे आहे. टेकूपासूनचे अंतर 90 सेंटिमीटर झाले. मालाचा मध्य आणखी 20 सेंटिमीटर पुढे गेला, तर अंतर 110 होते आणि तेच यंत्र केवळ 1,630 किलोच्या आसपास भार तोलू शकते. चालकाने मात्र असा हिशेब मनाने न करता यंत्रावरील क्षमतेची पाटी पाहावी. ती पुसली गेली असल्यास ती प्रथम नवी बसवून घ्यावी.

भुजा उंच ठेवून वळल्यास यंत्र कुशीवर कलंडते. म्हणून चालताना माल जमिनीपासून वीतभरच वर असावा. उतारावर भरलेले यंत्र नेताना माल नेहमी चढाच्या बाजूस ठेवावा. म्हणजे चढताना पुढे तोंड करून जावे आणि उतरताना मागे मागे यावे. यंत्र कलंडू लागल्यास चालकाने उडी मारू नये. उडी मारणारा बहुधा यंत्राच्या छताखालीच सापडतो. आसनपट्टा बांधलेला असावा, हात घट्ट धरलेले असावेत आणि अंग पडण्याच्या विरुद्ध बाजूस झुकवावे. भुजांवर माणसाला उभे करून वर चढवणे तर पूर्णतः वर्ज्य मानावे.

वाट वेगळी हवी

दोन टन क्षमतेचे यंत्र रिकामे असतानाही तीन टनांहून अधिक वजनाचे असते. ताशी 10 किलोमीटर वेगाने ते एका सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जाते. चालकाला माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपते. शिवाय हे यंत्र मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे त्याचा मागील भाग अनपेक्षितपणे बाहेर फेकला जातो. केवळ ‘सांभाळून चाला’ असे सांगून येथे भागत नाही. यंत्राची वाट आणि हमालांची वाट जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी करावी, कोपऱ्यावर गोल आरसा लावावा आणि जेथे हाताने भरणी चालू असेल तेथे यंत्र थांबवावे. या तीन गोष्टींस फार खर्च येत नाही.

थप्पी आणि धुरी

थप्पी लाकडी फळ्यांवर रचावी. पोत्यांचे थर एकाआड एक आडवे-उभे घ्यावेत आणि भिंतीपासून माणूस जाईल एवढी जागा सोडावी. ओलीने खालचा थर बसला, की वरची थप्पी कलते. कललेल्या थप्पीजवळ काम चालू ठेवू नये. पोती वरून, पायरीपायरीने काढावीत. खालचे पोते ओढून काढणे म्हणजे भिंतीची पायाची वीट काढणे होय.

धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक आहे. वासावरून त्याचा अंदाज घेणे धोक्याचे ठरते. हे काम मान्यताप्राप्त प्रशिक्षितांकडूनच करवून घ्यावे, दारावर इशाऱ्याचा फलक लावावा आणि हवा पूर्ण खेळवून तपासणी झाल्याशिवाय कोणासही आत सोडू नये.

जबाबदारी कोणाची ?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून कामाची जागा धोकामुक्त ठेवणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. परंतु गावातील लहान गोदामापर्यंत निरीक्षक रोज पोचू शकत नाही. तेथे संस्थेचे संचालक, सचिव आणि गोदामपाल हेच पहिले निरीक्षक होत. प्रत्येक महिन्याच्या सभेत हिशेबाबरोबरच थप्पी, वाटा आणि यंत्र यांची पाहणी नोंदवली जावी. थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद व्हावी, कारण तो पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असतो. अशी सूचना देणाऱ्या हमालावर कोणी रागावू नये.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 रोजी झाली. तो दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत तरफेचा पाठ शिकवताना शिक्षकांनी फोर्कलिफ्टचे उदाहरण घ्यावे आणि ग्रामपंचायतीने गावातील गोदामांच्या चालकांना व हमालांना एकत्र बोलावून त्यांचे अनुभव ऐकावेत. पोत्यातला माल बिघडला तर त्याची किंमत भरून काढता येते. सकाळी कामाला गेलेला हमाल संध्याकाळी धडधाकट घरी परतणे, हाच चांगल्या गोदामाचा पहिला हिशेब आहे.