सत्त्याऐंशीवे कलम : कायदा आणि त्याचा अंमल

कायदा मंजूर झाला, राजपत्रात छापून आला, की काम झाले, असा समज अनेकदा आढळतो. प्रशासनात काम करणाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीचा कारभार पाहणाऱ्यांना मात्र खरे काम त्यानंतरच सुरू होते, हे अनुभवाने ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानच्या कारभारावर झालेल्या वादविवादांचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. त्या वादविवादांतून निघालेल्या एका कलमाची वाटचाल येथे पाहावयाची आहे.

वीस वर्षांची सनद

ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात व्यापारी संस्था. तिच्या हाती राज्य आले तेव्हा तिच्यावर देखरेख कोणी करावी, हा प्रश्न पार्लमेंटपुढे उभा राहिला. १७७३ व १७८४ च्या कायद्यांनी ही देखरेख सुरू झाली. कंपनीची सनद १७९३ मध्ये वीस वर्षांसाठी वाढविण्यात आली आणि पुढे १८१३, १८३३ व १८५३ या वर्षी तिचा पुन्हा विचार झाला. प्रत्येक वेळी समित्या नेमल्या जात, साक्षी नोंदविल्या जात, कागदपत्रे मागविली जात. १८१३ च्या चौकशीत ऐंशी वर्षांचे वॉरन हेस्टिंग्ज, तसेच टॉमस मन्रो आणि जॉन माल्कम यांच्या साक्षी झाल्या. हिंदुस्थानच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी त्या वर्षी संपली. चहाचा आणि चीनचा व्यापार तेवढा तिच्याकडे राहिला. शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूदही याच कायद्यात झाली.

या पद्धतीत एक गुण होता. वीस वर्षांनी का होईना, कारभाराचा हिशेब जाहीरपणे द्यावा लागे. मात्र ज्यांच्यावर राज्य चालले होते, त्यांचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. हा तिचा मोठा दोष होय.

१८३३ : वचन

१८३३ चे पार्लमेंट हे निवडणूक सुधारणांनंतरचे पहिले पार्लमेंट. गुलामगिरी नष्ट करणारा कायदा याच अधिवेशनात झाला. सनदेच्या चौकशीसाठी इंग्लंडमध्ये असलेल्या राजा राममोहन रॉय यांनी महसूल व न्यायव्यवस्थेविषयी लेखी उत्तरे सादर केली होती. नवीन कायद्याने कंपनीचा व्यापार पूर्णपणे थांबविला, बंगालच्या गव्हर्नर जनरलला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल केले आणि मुंबई व मद्रास इलाख्यांचे कायदे करण्याचे अधिकार काढून घेतले.

त्याच कायद्यात ८७ वे कलम होते. केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण या कारणावरून हिंदुस्थानातील कोणाही रहिवाशाला कंपनीच्या नोकरीस वा अधिकारपदास अपात्र मानले जाणार नाही, असा त्याचा आशय होता. नियंत्रण मंडळाचे सचिव टॉमस मेकॉले यांनी १० जुलै १८३३ रोजी कॉमन्स सभेत या कलमाचा मोठा गौरव केला. परंतु कोट्यवधी लोकांच्या भवितव्यावरील या चर्चेला उपस्थिती फारच तुरळक होती. लंडनमधील किरकोळ दंगलीत एखाद्याचे डोके फुटले तर हिंदुस्थानातील मोठ्या लढायांपेक्षा अधिक खळबळ उडते, अशी खंत खुद्द मेकॉले यांनीच आपल्या भाषणात बोलून दाखविली. यात नवल नव्हते. सभासदांना निवडून देणारे मतदार इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानचा शेतकरी त्यांना जाब विचारू शकत नव्हता.

कलम होते, वाट नव्हती

८७ व्या कलमाने अपात्रता दूर केली. परंतु प्रत्यक्ष नेमणुकीची कोणतीही रीत घालून दिली नाही. वरिष्ठ सनदी सेवेतील जागा पूर्वीप्रमाणेच संचालकांच्या शिफारशीने भरल्या जात आणि उमेदवारांचे शिक्षण इंग्लंडमधील हेलीबरी येथे होई. संचालक आपल्या आप्तेष्टांची व स्नेह्यांची मुले सोडून मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या तरुणाची शिफारस करतील, ही अपेक्षाच व्यर्थ होती. परिणामी पुढच्या वीस वर्षांत एकाही हिंदी माणसाचा त्या सेवेत प्रवेश झाला नाही. कायद्याचे उल्लंघन कोणी केले, असे दाखविता येत नव्हते. आणि कायद्याचा लाभ मात्र कोणालाच मिळाला नव्हता.

१८५३ : मुंबईचा अर्ज

पुढील सनदेची वेळ जवळ आली तेव्हा हिंदी लोक गप्प बसले नाहीत. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. नामदार जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि तरुण दादाभाई नौरोजी हे तिच्या स्थापनेत अग्रभागी होते. संस्थेने पार्लमेंटकडे सविस्तर अर्ज पाठविला. त्याच्या लेखनात भाऊ दाजींचा वाटा मोठा होता. वरिष्ठ जागांपासून हिंदी लोकांना दूर ठेवल्याबद्दल तक्रार, कारभारावरील अवाढव्य खर्चावर टीका आणि कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी लोकांना स्थान, असे त्यातील मुख्य मुद्दे होते. कलकत्ता व मद्रास येथूनही असेच अर्ज गेले.

३ जून १८५३ रोजी सर चार्ल्स वुड यांनी सुमारे पाच तासांचे भाषण करून विधेयक मांडले. जॉन ब्राइट यांच्यासारख्या सभासदांनी कारभारावर कडक टीका केली. नवीन कायद्याने संचालकांचा शिफारशीचा अधिकार काढून घेतला आणि सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा ठरविली. पहिली परीक्षा १८५५ मध्ये झाली. कागदावर आता वाट खुली झाली. पण ती लंडनमधून जात होती. समुद्रप्रवासाचा खर्च, जातिबहिष्काराचे भय आणि परकी अभ्यासक्रम ओलांडून जाणे फार थोड्यांना शक्य होते. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये यशस्वी झाले, ते पहिले हिंदी सनदी अधिकारी. त्यांची सेवा मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्यास ते जिल्हा न्यायाधीश होते. पुढे उमेदवारांची कमाल वयोमर्यादा उतरवीत १८७० च्या दशकात ती एकोणीस वर्षांवर आणण्यात आली. त्यामुळे हिंदी तरुणांची वाट आणखी बिकट झाली.

१८५८ नंतर

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपविणारा कायदा २ ऑगस्ट १८५८ रोजी संमत झाला. भारतमंत्री आणि पंधरा सभासदांचे मंडळ लंडनमध्ये कारभार पाहू लागले. १ नोव्हेंबरच्या राणीच्या जाहीरनाम्यात समान संधीचे वचन पुन्हा देण्यात आले.

मात्र याच काळात एक गोष्ट हरपली. १८५३ च्या कायद्यात सनदेला मुदत घातलेली नव्हती आणि १८५८ नंतर तर सनदच उरली नाही. त्यामुळे ठरावीक काळाने होणारी कसून चौकशीही थांबली. दरवर्षी हिशेब सादर होई. पण त्यावरील चर्चा बहुधा अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांसमोर होई. अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांच्यासारखा एखादाच सभासद हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल चिकाटीने प्रश्न विचारीत असे. भारतमंत्र्यांचा पगारही हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे, त्यामुळे तो मंजूर करण्याच्या निमित्ताने होणारी चर्चाही होत नसे. ही प्रथा १९१९ च्या कायद्याने बदलली.

१८९३ : ठराव

१८५२ च्या अर्जामागे असलेले दादाभाई चाळीस वर्षांनी, १८९२ मध्ये, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि त्याच कॉमन्स सभेत जाऊन बसले. ८७ वे कलम आणि १८५८ चा जाहीरनामा हे त्यांच्या युक्तिवादाचे दोन आधारस्तंभ होते. २ जून १८९३ रोजी सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान येथे एकाच वेळी घ्यावी, असा ठराव सभेने ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत केला. सरकारने प्रांतांची मते मागविली. मद्रास वगळता ती प्रतिकूल आली आणि ठराव बाजूला पडला. हिंदुस्थानात ही परीक्षा प्रथम १९२२ मध्ये अलाहाबाद येथे झाली. कलमापासून परीक्षेपर्यंत एकोणनव्वद वर्षे लोटली.

आपल्यासाठी बोध

या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, हक्क देणाऱ्या तरतुदीबरोबर तो मिळविण्याची रीतही घालून द्यावी लागते. पात्रता मान्य करणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. दुसरी गोष्ट म्हणजे, कारभाराचा आढावा ठरावीक वेळी आणि जाहीरपणे झाला पाहिजे. तो कोणाच्या मर्जीवर सोडता कामा नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्याविषयी निर्णय व्हावयाचा, ते त्या बैठकीत असले पाहिजेत. सभागृहात सज्जन आणि विद्वान सभासद असूनही ८७ वे कलम कागदावर राहिले, कारण त्याच्या अंमलासाठी अडून बसणारा कोणी तेथे नव्हता.

भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात सार्वजनिक सेवेतील समान संधीची हमी आहे. धर्म, वंश, जन्मस्थान हे शब्द तेथेही आढळतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की ही हमी आपल्या प्रतिनिधींनी आपणच घेतली आहे आणि ती मोडल्यास न्यायालयात दाद मागता येते. तरीही एखाद्या योजनेचा लाभार्थी यादीत असतो आणि लाभ मात्र त्याच्या दारी पोहोचत नाही, असे घडू शकते. अशा वेळी ग्रामसभेत उठून ‘या वर्षी किती जणांना लाभ मिळाला?’ असे विचारणारा ग्रामस्थ आणि त्याला आकडेवारीनिशी उत्तर देणारा अधिकारी हे दोघेही एकोणनव्वद वर्षांच्या त्या विलंबापासून योग्य तो धडा घेत असतात.