घरदुरुस्ती आणि निर्दोषपणाचा हट्ट

आपल्या घराची डागडुजी आपल्याच हातांनी करू पाहणारा गृहस्थ पुष्कळदा आळसामुळे नव्हे, तर हौसेच्या अतिरेकामुळे काम अर्धे टाकतो. बैठकीच्या एका भिंतीचा रंग मनासारखा उतरला नाही म्हणून तो खरवडतो, पुन्हा लावतो, पुन्हा खरवडतो. या खटाटोपात गच्चीवरची भेग तशीच राहते आणि पावसाळा तोंडावर येतो. सुट्या मोजक्या, पैसाही मोजका. अशा स्थितीत एके ठिकाणची अतिकाळजी ही दुसऱ्या ठिकाणची उपेक्षा ठरते. म्हणून नेमकेपणा कोठे आवश्यक आहे आणि कोठे नाही, याचा निर्णय हत्यार उचलण्यापूर्वीच करणे इष्ट होय.

निर्दोषपणाच्या हट्टाने काम केवळ लांबते असे नाही. कित्येकदा ते बिघडते. चुन्याची सफेदी घ्या. कळीचा चुना पाण्यात भिजवून, गाळून केलेला पातळ द्राव भिंतीवर लावला की ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो. खालचे डाग दिसतात, कुंचल्याचे फराटे उमटतात. पाणी उडून गेल्यावर आणि चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होऊ लागल्यावर कोठे शुभ्रता प्रकटते. नवशिक्याला तेवढा धीर नसतो. आपले काही चुकले असे समजून तो तेथेच दाट हात देतो, आणि हा दाट थर पुढे पापुद्र्यांच्या रूपाने सुटू लागतो. पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा, मग तिसरा. यापलीकडे या कामात रहस्य नाही.

गिलाव्याचेही असेच आहे. पृष्ठभाग आरशासारखा व्हावा म्हणून थापी पुनःपुन्हा फिरविली, तर पाणी आणि सिमेंटचा बारीक अंश वर येतो. वाळताना तो आकसतो व केसासारख्या भेगांचे जाळे पडते. तैलरंग सुकू लागल्यावर त्यावरून ब्रश फिरविला तर राहिलेला दोष जात नाही, नवे ओरखडे मात्र येतात.

या संदर्भात लॉरी बेकर यांचे काम लक्षात घेण्याजोगे आहे. 1917 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले हे वास्तुशिल्पी 1945 मध्ये भारतात आले, पुढे केरळात स्थायिक झाले आणि 2007 मध्ये तिरुवनंतपुरम येथे निवर्तले. विटांच्या भिंतींना त्यांनी बहुधा गिलावा दिला नाही. विटांच्या रंगातील फरक, त्यांचे ओबडधोबडपण त्यांनी उघडे ठेवले. खर्च तर वाचलाच, शिवाय भिंतीला स्वतःची मुद्रा लाभली. परंतु ही ढिलाई होती असा समज कोणी करून घेऊ नये. गिलाव्याखाली गवंड्याचे दोष झाकता येतात, उघड्या विटेत ते झाकता येत नाहीत. विटा उभ्या कडेवर रचून आत पोकळी ठेवण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिच्यात सुमारे 25 टक्के विटा वाचतात. मात्र तेथे थर समपातळीत आणि सांधे भरीव असावेच लागतात. बेकर यांनी काटेकोरपणा सोडला नाही, त्याची जागा बदलली.

घरगुती कामातही अशा जागा थोड्याच असतात, पण तेथे सूट नाही. भिंत ओळंब्यात हवी. नव्या सिमेंटकामावर निदान 7 दिवस पाणी मारलेच पाहिजे. ते दिसायला सुबक झाले, एवढ्यावरून ते पक्के झाले असे होत नाही. (विजेच्या तारांचे काम हौसेचा विषयच नव्हे, ते परवानाधारक तंत्रज्ञाकडे सोपवावे.) न्हाणीघराच्या जमिनीला जाळीकडे उतार हवा, दर मीटरला साधारण 1 ते 2 सेंटिमीटर, आणि तो फरशी बसविण्यापूर्वी दोरी ताणून तपासावा. फरशीच्या सांध्याची रेघ किंचित वाकडी गेली तर बादली ठेवल्यावर ती दिसतही नाही. उतार चुकला तर पाणी उंबरठ्याखालून शेजारच्या खोलीत येते आणि सारी जमीन उखडावी लागते.

ज्याला हात बसवायचा असेल त्याने बैठकीपासून आरंभ करू नये. कपाटामागची भिंत किंवा माळ्याची आतली बाजू यासाठी पुरेशी आहे. तेथे रंग वाळल्यावर कसा दिसतो ते दुसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात पाहावे, आणि मगच उरलेला डबा उघडावा.