मैदान राखायचे तर हरकत लिहा

शहर असो की वाढते गाव, कोणत्या जागेवर काय व्हायचे ते आधी कागदावर ठरते. त्या कागदाला विकास आराखडा म्हणतात. शाळा, दवाखाना, बाजार, मैदान यांसाठी आराखड्यात जागा राखून ठेवतात. याला आरक्षण म्हणतात.

आराखडा पालिका तयार करते. सरकार तो मंजूर करते. पण मध्ये एक पायरी लोकांसाठी ठेवली आहे. तिचे नाव हरकत.

समजा, आपल्या वस्तीजवळ मुलांच्या मैदानासाठी जागा राखली आहे. एक दिवस पालिका जाहीर सूचना काढते. मैदानाचे आरक्षण उठवायचे आणि तिथे घरे बांधू द्यायची, असे तीत लिहिले आहे. वस्तीतल्या मावशी ती सूचना घेऊन रात्रीच्या वर्गात येतात.

“गुरुजी, जागा काही आमची नाही. मग आम्ही बोलायचं कसं?”

“मावशी, महाराष्ट्रात १९६६ सालचा नगररचनेचा कायदा आहे. मंजूर आराखड्यात असा फेरबदल करायचा, तर कलम ३७ प्रमाणे पालिकेला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत कोणीही घेऊ शकतो. जागेचा मालकच पाहिजे, असं नाही.”

“मग उद्याच मोर्चा नेतो!”

“न्या खुशाल. पण मोर्चा फाइलीत बसत नाही. फाइलीत कागद बसतो. निकाल देणारा साहेब ती फाइल वाचतो.”

गुरुजींनी मग फळ्यावर कामे लिहिली.

१. दिवस मोजा. अशा फेरबदलाला हरकत घ्यायला एक महिना मिळतो. सूचना आपल्या हाती कधी आली ते धरू नका. सूचनेवरची तारीख धरा. अख्खा नवा आराखडा निघाला असेल, तर मुदत सूचनेतच लिहिलेली असते. ती आधी वाचा.

२. नकाशा पाहा. पालिकेच्या नगररचना विभागात नकाशा पाहायला मिळतो. जागेचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर उतरून घ्या. आरक्षणाचा क्रमांकही घ्या. नंबर चुकला तर हरकत भलत्याच जागेची होते.

३. मोजणी करा. वस्तीत शाळेत जाणारी मुले किती? दुसरे मैदान किती लांब? वाटेत मोठा रस्ता लागतो का? पावसाचे पाणी या जागेत मुरते का? पायांनी चाला, वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. फोटोवर तारीख टाका.

४. माहिती मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी करा, आणि उत्तराची वाट पाहत हरकत अडवून ठेवू नका.

मावशी म्हणाल्या, “त्या जागेवाल्यानं पैसे चारले असणार. तेही लिहू का?”

“पुरावा आहे?”

“पुरावा कुठला! सगळे म्हणतात.”

“मग लिहू नका. भांडण माणसाशी झालं की मैदान बाजूला राहतं. जागेबद्दल लिहा. जे दाखवता येईल तेवढंच लिहा.”

मग सगळ्यांनी मिळून असा अर्ज लिहिला:

मा. मुख्याधिकारी यांस,
विषय: मैदानाचे आरक्षण उठविण्यास हरकत.
जाहीर सूचनेची तारीख, गट नंबर व आरक्षण क्रमांक: (येथे लिहावे.)
आम्ही या जागेशेजारी राहतो. आमची हरकत अशी:
(१) वस्तीत शाळकरी मुले इतकी आहेत. यादी जोडली आहे.
(२) दुसरे मैदान इतके लांब आहे, आणि मध्ये मोठा रस्ता आहे. फोटो जोडले आहेत.
(३) घरे वाढली की मुलेही वाढतील. तेव्हा मैदानाची गरज कमी न होता वाढेल.
म्हणून आरक्षण कायम ठेवावे. आम्हांस सुनावणीस बोलवावे.
नाव, पत्ता, सही, तारीख.

“याच्या शंभर प्रती काढू का?”

“काढा, पण शंभर प्रतींत मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा जिला जे ठाऊक आहे, ते तिनं लिहावं. अंगणवाडीच्या ताईंनी लहान मुलांचं लिहावं. म्हाताऱ्या माणसांनी पावसाच्या पाण्याचं लिहावं.”

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच. पोच नसेल, तर अर्ज दिला हे सिद्ध करणे अवघड जाते. टपालाने पाठवायचा तर स्पीड पोस्टने पाठवा, आणि पावती जपा.

पुढे सुनावणीचे पत्र येते. त्या दिवशी दोघीतिघींनी जावे. बोलायला थोडाच वेळ मिळतो. म्हणून मुद्दे वहीत लिहून न्यावेत, आणि सर्वांत भक्कम मुद्दा आधी सांगावा. आवाज चढवू नये.

हरकत घेतली म्हणजे जिंकलोच, असे नाही. शेवटचा निर्णय सरकारचा असतो. पण लोकांनी लिहिले की फरक पडतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा निघाला. त्यात काही ठिकाणी उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते. लोकांनी नकाशे तपासले, आणि हजारो हरकती गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितले. २०१६ मध्ये सुधारलेला मसुदा पुन्हा लोकांपुढे आला.

आणि निकाल विरुद्ध गेला, तरी आपला कागद वाया जात नाही. उद्या कोर्टात जायची वेळ आली, तर “आम्ही मुदतीत बोललो होतो” हे तो कागद सांगतो. गप्प बसलेल्याजवळ दाखवायला काहीच नसते.

प्रश्न
१. हरकत कोण घेऊ शकतो?
२. मुदत कोणत्या तारखेपासून मोजावी?
३. पोच कशासाठी घ्यावी?

करून पाहा
आपल्या वस्तीजवळ कोणती जागा कशासाठी राखली आहे, ते पालिकेत जाऊन विचारा आणि वहीत लिहा.